पिठाच्या डब्यातली आत्या

मारोतरावांनी जन्मभर एसटी चालवली, पण रस्ता कुणाला विचारला नाही. नव्या मार्गावर ड्यूटी लागली की कंडक्टर म्हणायचा, "जरा इचारून घ्या की," आणि मारोतराव थेट गिअर टाकायचे. एकदा शिरूर अनंतपाळची गाडी त्यांनी भलत्याच वस्तीतल्या उकिरड्यापर्यंत नेली होती. तिथून गाडी मागं घेतानाही त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की वरून उकिरडा तपासायचाच हुकूम आला आहे.

निवृत्तीनंतर निलंग्यात घरी बसले, गाडी सुटली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. नातीच्या बारशाला आत्याला टीव्हीत आणायचं ठरलं, तेव्हा सुगत, त्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबा, मी जोडून देतो, दोन मिनिटांचं काम हाय." मारोतराव म्हणाले, "तू मांडवाचं बघ."

आता आत्याला टीव्हीत का आणायचं, ती घरी का येत नव्हती, हे सांगितलं पाहिजे.

आत्या म्हणजे विशाखा, मारोतरावांची थोरली लेक. नांदेडजवळच्या मुदखेड स्टेशनात तिकीट खिडकीवर नोकरीला. भावाला मुलगी झाली, की बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि बाळ झाल्याची पहिली खबरही आत्याला. मारोतरावांनी नेमकी तिथंच माती खाल्ली. लातूरच्या दवाखान्यात पहाटे नात झाली आणि त्यांनी ती बातमी 'आपला परिवार' नावाच्या ग्रुपवर टाकून दिली. त्या ग्रुपात निलंग्यापासून देगलूरपर्यंतचे झाडून सगळे नातेवाईक आहेत, आणि दोन-तीन जण असे आहेत की ते कुणाचे कोण हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. विशाखा ड्यूटीवर होती. तिनं फोन बघितला तोवर तिच्या देगलूरच्या चुलत सासूचं अभिनंदन, गुलाबांचे गुच्छ आणि एक नाचणारा ससा तिच्या आधी येऊन गेला होता.

त्या सशानं घात केला. विशाखानं आईला, सरजाबाईंना, फोन करून सांगितलं, "सशाला कळालं, मग मला कळालं. आता नाव बी सशालाच ठेवू द्या."

तेव्हापासून ती बापाशी बोलली नव्हती. सुगतची बायको रेणुका सव्वा महिन्यानं बाळ घेऊन माहेराहून आली, बारसं ठरलं, सरजाबाईंनी लेकीला चारदा बोलावलं. चारही वेळा "सुट्टी न्हाई" हेच उत्तर. शेवटी भावजयीच्या शब्दासाठी ती एवढंच म्हणाली, "फोन लावा. नाव सांगते अन् ठेवते."

मारोतरावांचा जीव तुटत होता. घरात पाळणा हलायचा आणि त्यांना लेकच आठवायची. पण माफी मागायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. हॉलातला मोठा टीव्ही विशाखानंच त्यांच्या निवृत्तीला दिला होता. त्यात तिलाच आणून बसवायची. दाराएवढी लेक घरात दिसली, पाहुणे बोलले, बाळ हसलं, की तिचा राग आपोआप उतरेल. म्हणजे माफीचं काम टीव्हीनं परस्पर उरकावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

त्यासाठी त्यांनी आठवडाभर सराव केला. फोनात शेळीपालनाचा व्हिडिओ लावायचा, 'कास्ट'चं बटण दाबायचं, टीव्हीनं परवानगी मागितली की रिमोटनं द्यायची. फोनातली शेळी ओरडली की टीव्हीतली शेळी ओरडायची. बारशाच्या दिवशी सकाळीही त्यांनी शेळ्या इकडून तिकडं पाठवल्या, आणि ऐन वेळेला फोनची बॅटरी तळाला गेली.

हॉलातल्या बोर्डावर टीव्ही आणि वायफायचा डबा. तिसरी जागा नाही. म्हणून विशाखाला व्हिडिओ कॉल लावून त्यांनी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला, पिठाच्या डब्याला टेकवून. तोही तोंड डब्याकडं आणि पाठ खोलीकडं करून. लेक आता टीव्हीत जाणार, मग फोनचं तोंड उघडं ठेवून काय करायचं, असा त्यांचा हिशेब. सरावात कुठलं तरी बटण दाबून फोनचा मागचा कॅमेरा सुरू झाला होता, तो तसाच राहिला होता. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्रिशरण-पंचशील झालं. मारोतरावांनी रिमोट दाबला, आणि टीव्हीत विशाखा आली. खरंच दाराएवढी. "आली गं आली," म्हणत बायका पुढं सरकल्या. सरजाबाईंनी पदरानं टीव्हीची काच पुसली. मारोतरावांची छाती इस्त्री केलेल्या सदऱ्यात मावेना.

पुढच्या खुर्चीवर शेजारचे शेषेराव बसले होते. माणूस शेतीतला, पण सगळ्यातलं कळणारा. ते म्हणाले, "मारोतराव, ही कोपऱ्यात वाकळांची जाहिरात कशाला येऊन राहिली?"

टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. तिच्यात वाकळांची थप्पी, एक लोखंडी पेटी आणि दोरीवर वाळत घातलेलं बनियन दिसत होतं.

"फुकटात बघायचं म्हणल्यावर जाहिरात येणारच," मारोतराव म्हणाले.

विशाखाचे ओठ हलले. आवाज आला नाही. मारोतरावांनी रिमोटनं आवाज वाढवला, आणखी वाढवला, शंभरावर नेला. ओठ हलत होते, टीव्ही मुका. शेळीचा आवाज आला होता, लेकीचा का येईना, हे त्यांना कळेना. शेषेरावांनी सांगितलं की टीव्हीचं तोंड मागच्या बाजूला असतं. मग रेणुका बाळाला घेऊन टीव्हीच्या मागं गेली आणि तिनं बाळाचा कान तिथं धरला. बाळानं टीव्हीच्या पाठीवर एक शिंक दिली. तेवढ्यात आतल्या खोलीत घुगऱ्या वाढून घेणारी एक म्हातारी वाटी तिथंच टाकून बाहेर आली.

"सरजाबाई," ती म्हणाली, "तुमची लेक पिठाच्या डब्यात बोलून राहिली."

सगळे आत धावले. डब्यातून घुमणारा आवाज खरंच विशाखाचा होता. "हॅलो. हाय का कुणी तिकडं?"

म्हणजे कॉलचं नुसतं चित्र टीव्हीत गेलं होतं; आत्याचा चेहरा हॉलात आणि आवाज आतल्या खोलीत. चार्जर काढावा तर फोन मान टाकणार. पाहुण्यांची सरळ वाटणी झाली. निम्मे चेहऱ्याला बसले, निम्मे आवाजाला. मारोतराव मध्ये दाराच्या पडद्याशी उभे राहून इकडचं तिकडं पोचवू लागले.

"दिसतंय का गं?" त्यांनी आत तोंड करून विचारलं.

"दिसतंय," डबा म्हणाला. "लई चांगलं दिसतंय."

कोपऱ्यातल्या चौकटीत होतं तेच तिला दिसत होतं, वाकळा आणि बापाचं बनियन. बारशाला बोलावून आपल्याला मुद्दाम वाकळांकडं तोंड करून बसवलं, असं तिला वाटलं. एरवी तिनं तोंडावर विचारलं असतं. पण रुसलेलं माणूस विचारत नसतं, हिशेबात आणखी एक घालून ठेवतं.

सरजाबाईंनी लेकीचा तो सूर बरोबर ओळखला. संसारात त्या कंडक्टर. त्यांनी घंटी दिल्याशिवाय मारोतरावांची गाडी कधी सुटली नव्हती. त्यांनी आतल्या पाहुण्यांना घुगऱ्यांच्या पातेल्यासकट बाहेर काढलं, पडदा ओढला आणि नवऱ्याला हाताला धरून पेटीवर बसवलं.

"आवं, लेक हाय तवर दोन शबूद बोला. न्हाईतर ती नाव सांगंल, फोन ठेवंल, अन् पुन्ना ह्या घराची पायरी चढायची न्हाई."

"हळू बोल. ऐकंल ती." मारोतरावांनी उठून फोनच्या बाजूचं बटण दाबून धरलं. डब्यातला "हॅलो" बारीक होत विझला. "आता न्हाई ऐकू येत."

"आपल्याला तिचं येईना. पर तिला आपलं?"

"रस्ता बंद म्हंजे दोन्हीकडनं बंद," मारोतराव म्हणाले आणि पुन्हा पेटीवर बसले, वाकळांना टेकून.

"मग मला तरी सांगा. पहिली खबर लेकीला द्यायची, येवढं कळत न्हवतं व्हय तुमाला?"

मारोतरावांनी बनियनकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "पहिला फोन तिलाच लावल्ता मी."

"कवा?"

"नात झाली तवाच. नर्सबाईनं हातात दिली. हुबेहूब विशाखा, सरजा. तसंच कपाळ, तसाच राग. मी बाहेर आलो अन् फोन लावला. तिनं उचलला बी. 'बाबा, बोला' म्हणली. माझ्या तोंडातनं शबूदच फुटंना. रडूच आलं. ती हॅलो हॅलो करत राहिली, मी ठेवून दिला. मग ग्रुपवर टाकलं. टाइप करायला गळा लागत न्हाई."

सरजाबाई पेटीवर त्यांच्या शेजारी बसल्या. "अन् हे सव्वा महिना पोटात ठेवलाव? सांगायचं की तिला."

"काय सांगू? तिच्या लग्नात बी डोळ्यात पानी येऊ दिलं न्हाई मी. आता म्हणू का, बाप रडून राहिल्ता म्हणून फोन कट केला?" त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "घर खायला उठतंय तिच्याबिगर. पाळणा हलवतो अन् तिचंच नाव तोंडात येतंय."

हॉलातला गलका कधीच थांबला होता. पडद्याआडून शेषेराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "मारोतराव, तुमी दोघं जाहिरातीत आलाव."

मारोतराव बाहेर आले. निम्म्या बायकांचे पदर डोळ्यांना होते. सुगत भिंतीकडं तोंड करून उभा होता. टीव्हीत विशाखा रडत होती, दाराएवढी, नाकाच्या लाल शेंड्यासकट. आणि वरच्या चौकटीत होती ती पेटी, त्या वाकळा, आणि तिथं एकट्याच बसलेल्या सरजाबाई. मारोतरावांनी एकदा चौकटीकडं बघितलं, एकदा दाराच्या पडद्याकडं. एवढी वर्षं गाडी चालवली, पण रस्ता एकाच बाजूनंही बंद असू शकतो हे त्यांना आज कळलं.

सुगत न विचारता आत गेला आणि त्यानं फोनचा आवाज वाढवला. ह्या वेळी त्याला कुणी मांडवाकडं पाठवलं नाही.

"बाबांना बोलवा," डबा म्हणाला.

मारोतराव आत गेले. त्यांनी फोन डब्यापासून फिरवला आणि लेकीसमोर उभे राहिले. 

"तुमचा त्यो फोन आल्ता," विशाखाच म्हणाली. "मला वाटलं रेंज गेली."

"रेंज व्हती गं," मारोतराव म्हणाले. "गळाच गेल्ता."

ती रडता रडता हसली. मग नाक ओढून तिकीट खिडकीवरच्या आवाजात म्हणाली, "नाव मी असं पिठाच्या डब्यातनं ठेवणार न्हाई. रविवारी येते. बाळाच्या कानात माझ्या तोंडानं सांगते."

"अन् तवर?" सरजाबाईंनी विचारलं.

"तवर बाबांना सांगते. पहिली खबर. बाबा, फोन कानाला लावा."

मारोतरावांनी चार्जरची वायर काढली आणि फोन कानाला लावला. हॉलात टीव्हीवर विशाखानं तोंडाच्या कडेला हात धरला. एवढी माणसं समोर बसलेली, सगळ्यांना तिचे ओठ हलताना दिसले आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. शेषेरावांनी ओठांवरून नाव ओळखायचा प्रयत्न केला, पण गव्हाचं काहीतरी आहे एवढंच त्यांच्या हाती लागलं. मग फोननं मान टाकली आणि टीव्ही काळा झाला.

मारोतराव बाहेर आले तसे सगळे भोवती जमले. काय नाव, काय नाव. रेणुकानं बाळ पुढं केलं. मारोतरावांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही.

"बघून घ्या," सरजाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "त्या दिशी दवाखान्यात असंच झालं आसंल."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. पाळणा मात्र झाला. बायकांनी नावाच्या जागी 'सोनुली' घालून तो शेवटापर्यंत म्हटला, आणि सोनुली त्यात झोपून गेली.

पुढं रोज 'आपला परिवार'वर विचारणा होत राहिली. देगलूरच्या चुलत सासूनं दोनदा विचारलं. ससाही येऊन नाचून गेला. मारोतराव सगळं वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. शनिवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता सरजाबाई म्हणाल्या, "मला तरी सांगा. मी काय परकी हाय?"

"रस्ता बंद हाय."

"दोन्हीकडनं?"

"हाव. दोन्हीकडनं," मारोतराव म्हणाले. मग अंगणात जाऊन त्यांनी सुगतला हाक मारली आणि जन्मात पहिल्यांदा विचारून घेतलं, की नांदेडहून येणारी गाडी हल्ली स्टँडवर किती वाजता लागते.