फोटो काढून झाल्यावर

पाली गावच्या स्टेफनीने आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोवरून पाच मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म केली आणि पहिल्यांदा ती घरच्यांनाच दाखवली. फोटोत समुद्राकाठच्या चर्चबाहेर सगळे ताठ उभे होते. फिल्ममध्ये मात्र ते हलले, वारा सुटला, नवरीच्या डोक्यावरची जाळीची ओढणी उडून पाण्यात पडली आणि नवरदेव सुटाबुटात ती आणायला समुद्रात शिरला.

आई, बर्नडेट, खूश होऊन बघत होती. वडील, कॅजिटन, खुर्चीत चुळबुळ करू लागले. आपण पाण्यात गेलोच नव्हतो, हे त्यांना पक्कं आठवत होतं. लेकीने एवढी मेहनत घेतलेली, तिला कसं सांगायचं? पण त्यांना राहवेना.

“पोरी, ओढणी तुझ्या इव्हान अंकलने आणली. मी न्हाय,” ते म्हणाले. “सूट त्याचा होता ना. भिजवलास तर बघ, असं मला दटावून तो स्वतःच गेला.”

“मग तुम्ही काय करत होतात, डॅडी?”

“हा नुसता हसत उभा होता,” बर्नडेट म्हणाली. “मी पण.”

स्टेफनीने तो भाग नव्याने काढला. पुढच्या रविवारी कॅजिटननी भावाला मुद्दाम जेवायला बोलावलं. कमरेइतक्या पाण्यात ओढणी उंच धरलेला तरुण पाहून इव्हानने डोक्यावरून हात फिरवला.

“माझे केस एवढे दाट होते?” त्याने विचारलं.

“होते,” कॅजिटन म्हणाले आणि लेकीला फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.