शिडीवरचे बाबा

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, मित्रांनो. कपाटाच्या वरच्या फळीवर, मोज्यांच्या डब्याशेजारी माझा मुक्काम असतो. बॅटरी तासभरही तग धरत नाही. माझ्या पोटात शेकडो फोटो अजून शाबूत आहेत, पण जो असायला हवा होता तो नाही. त्याचीच गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी एका कारखान्यात माझी जुळणी केली. तिथून मी एका दुकानाच्या काचेआड आलो. एके दिवशी ताई आली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. कुठला कॅमेरा चांगला, याची तिने दोन महिने चौकशी केली होती आणि तिची वही टिपणांनी भरली होती. दुकानदारकाकांनी ती वही हळूच मिटली.

"ताई, आधी हातात धरून बघा. हाताला जड वाटणार नाही तो घ्या. बाकीचं फोटो काढता काढता येतं."

मी तिच्या हातात नीट बसलो. मला खूप आनंद झाला.

ताईचे बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या ते हाताने रंगवायचे. छापील फलक आल्यापासून त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नसे. चाळीस वर्षं काम केलं, पण कामावरचा त्यांचा एकही फोटो नव्हता. तो काढण्यासाठीच ताईने मला घरी आणलं होतं.

"आधी नीट शिकते, बाबा. मग तुमचा काढते," ती म्हणाली.

"शीक बाई. मी कुठं पळून चाललोय?" बाबा हसले.

ताई मन लावून शिकली. उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, हे ती एकाच पेल्याचे वीस वीस फोटो काढून ताडून बघायची. चमचे झाले, खिडकी झाली, शेजारची मांजर झाली. प्रयोगशाळेत चूक चालत नाही. तीच सवय तिला माझ्याबाबतीतही नडली.

एका शनिवारी बाबा औषधांच्या दुकानाची पाटी पुरी करणार होते. ताई मला घेऊन गेली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शिडीवर चढले होते. शेवटच्या अक्षराच्या वळणावर त्यांनी कुंचला टेकवला आणि ते तसेच थांबले. मित्रांनो, माझी कळ अर्धी दाबली की मी नेम धरतो, पण पूर्ण दाबल्याशिवाय काहीही जपून ठेवू शकत नाही. ताईने कळ अर्धी दाबली. बाबा मला स्वच्छ दिसले. कानामागे खोचलेली पेन्सिलसुद्धा दिसली. पण त्यांच्या पाठीमागे ऊन होतं.

"थांबा हं बाबा, चेहरा काळा येतोय."

तिने काहीतरी बदललं, पुन्हा अर्धी कळ दाबली आणि सोडून दिली. असं किती वेळा झालं, कोण जाणे. बाबांनी वर धरलेल्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार दिला.

"झालं का गं? रंग वाळतोय."

"राहू दे, बाबा. पुढच्या पाटीच्या वेळी काढू. तोवर मला उन्हातलं जमेल."

बाबांनी ते वळण पुरं केलं आणि खाली उतरले.

पुढची पाटी आलीच नाही. नवव्या दिवशी बाबांना झटका आला आणि त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला. औषधांच्या दुकानाचं पुढे नूतनीकरण झालं, तेव्हा ती पाटीही उतरवली गेली.

एका दुपारी बाबा पलंगावर बसून म्हणाले, "तो त्या दिवशीचा दाखव ना. शिडीवरचा. काळा आला असला तरी चालेल."

ताईने मला चालू करून त्यांच्या डाव्या हातात दिलं. बाबा अंगठ्याने एकेक फोटो पुढे सरकवत राहिले. पेला, चमचा, खिडकी, मांजर, परत पेला. ते शेवटपर्यंत गेले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"पेला छान आलाय," ते म्हणाले.

ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतर बाबा दोन वर्षं होते. तेवढ्या काळात तिने त्यांचे पुष्कळ फोटो काढले. खाताना, डुलकी घेताना, डाव्या हाताने सही गिरवताना. कुठे मान कापलेली, कुठे अंधार, कुठे सगळंच हललेलं. त्यांतला एकही तिने पुसला नाही. बाबा गेल्यावर तिने मला एका मऊ फडक्यात गुंडाळून या फळीवर ठेवलं.

मी सगळ्यात चांगला कॅमेरा नव्हतो, पण त्या शनिवारी जेवढं लागत होतं तेवढं मला येत होतं. चेहरा काळा आला असता तरी ते बाबाच असते, हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं. म्हणून तुम्हांला सांगतो. मित्रांनो, कॅमेरा कुठलाही घ्या, त्याची काच पुसत जा, त्याला ओल लागू देऊ नका. आणि तुमचं माणूस तुमच्यासाठी हात वर धरून उभं असेल, तर त्याला ताटकळत ठेवू नका. जसा येईल तसा फोटो काढा, आणि त्याला खाली उतरू द्या.