कपाटातले दहा आकडे

ओसाकाच्या त्या स्टुडिओत चिनामीच्या कुऱ्हाडीवरून वर्षभर जुंपली होती. कुऱ्हाड गेममधली, पण भांडणं अगदी खरी. ‘राखेची सराई’ या भुताच्या गेमच्या पहिल्या भागात खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसायचं. एक बिनचेहऱ्याची बाई मागे लागली की जीव घेऊन पळायचं आणि कपाटात लपायचं, बस्स. भलेभले रडकुंडीला आले होते. आता दुसरा भाग चिनामीकडे आला आणि या बाईसाहेबांनी पहिल्याच दालनात कुऱ्हाड टांगून ठेवली.

“हातात हत्यार दिलंस की भीती गेलीच म्हणून समज,” इवामोतो-सान म्हणायचे. पहिला भाग त्यांनी केलेला, त्यामुळे दुसऱ्यावर शेवटचा शब्दही त्यांचाच.

“जातेय कुठं! तुम्ही एकदा खेळून तर बघा.”

“मला काय घाबरवणार तू? त्या बाईला मी जन्माला घातलंय.”

शेवटी आज दुपारी ते खेळायला बसले. पसंत पडलं तर गेम आहे तसा बाहेर जाणार. नाही पडलं तर कुऱ्हाड जाणार आणि चिनामीची दिग्दर्शकाची खुर्चीही. मागे उभ्या सहकाऱ्यांची तोंडं सुकली होती. चिनामी मात्र खुशाल कॅनमधली थंड कॉफी पीत होती. शिष्ट म्हणा हवं तर, पण तिला आपलं काम ठाऊक होतं.

कुणी खेळत असताना बघणाऱ्यांनी अवाक्षर काढायचं नाही, हा तिथला शिरस्ता. बोलत होते ते एकटे इवामोतो-सान. त्यांनी कुऱ्हाड उचलली, बाई समोर येताच दोन घाव घातले. बाई कोसळली.

“झालं? ही कसली भीती? ही तर लाकूडतोड,” ते म्हणाले. सहकाऱ्यांनी माना खाली घातल्या.

पुढच्या बोळात बाई पुन्हा उठून आली, आणि या वेळी दुरूनच धावत. इवामोतो-सान जुन्या सवयीनं थेट कपाटात शिरले. पहिल्या भागात बाई कपाटाबाहेर बरोबर दहा आकडे मोजून होईपर्यंत थांबायची आणि निघून जायची. तो भाग खेळलेलं पोरन्‌पोर ते दहा तोंडातल्या तोंडात मोजायचं. इवामोतो-सानही मोजू लागले. आठ, नऊ, दहा. बाहेर पावलं लांब गेल्याचं ऐकू आलं. त्यांनी दार उघडलं.

बाई दारातच उभी होती.

इवामोतो-सानचा गुडघा टेबलावर आपटला. गेममध्ये ते वेड्यासारखे पळत सुटले, चुकीच्या वळणाला वळले, भिंतीला भिडले आणि तिथंच संपले. पडदा काळा झाला.

“दहा झाले होते,” ते कुरकुरले.

“झाले होते ना,” चिनामी म्हणाली. “तिनंही मोजले.”

त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. मग हलकेच म्हणाले, “दहाच्या पुढं तिनं काय करावं, हे मला सुचलंच नव्हतं. म्हणून ती निघून जायची. लोकांना वाटलं, काय डोकं लावलंय, आणि मी ते कौतुक ऐकून घेतलं.” त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आनंद होत होता.

“मग कुऱ्हाडीचं काय करायचं?” मागून कुणीतरी भीत भीत विचारलं.

“होती की माझ्या हातात,” इवामोतो-सान म्हणाले. “मारायचं सुचलं का मला?”

त्यांनी मंजुरीचा कागद ओढला आणि खिशातून सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का काढला. हात अजून थरथरत होता. लाल ठसा फरकटला, नाव धड वाचता येईना.

“थांब, दुसऱ्या कागदावर नीट मारून देतो.”

चिनामीनं कमरेत वाकून दोन्ही हातांनी तो कागद काढून घेतला.

“नको,” ती म्हणाली. “मला हाच पाहिजे.”