पाळकसाहेबांनी अडवलेला दाखला

स्टिल्वेल पाळकसाहेबांनी वीस वर्षं आम्हाला नरकाची भीती घातली आणि एकविसाव्या वर्षी आमचीच मतं मागायला आले. ओहायोच्या विधानसभेत जायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. देवाने हाक दिली, असं सांगत. हाक पक्षाच्या कचेरीतून आली होती हे गावाला ठाऊक होतं. चर्चची मंडळी मात्र सोडली नव्हती. हरले तर परतायला जागा हवी.

त्याच सप्टेंबरात आम्हाला आयोवाला निघायचं होतं. आमची लेक लोइस तिथे पहिलटकरीण, ऑक्टोबरअखेर दिवस भरत होते. गाडी, बैल तयार. अडलं होतं दाखल्यापाशी. हा माणूस चांगल्या चालीचा आहे, असा मंडळीचा कागद नसला तर नव्या गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला कोणी बसू देत नाही. माझी बायको केझाया त्याच्यावाचून पाऊल उचलायला तयार नव्हती.

मी तीनदा गेलो. पहिल्यांदा शाई नव्हती, दुसऱ्यांदा वेळ नव्हता. तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असाहेल भाऊ, मतदान होऊ दे. एकेक मत मोलाचं आहे. पोरगी काय, बाळंत व्हायची तेव्हा होईलच."

मी घरी येऊन केझायाला सांगितलं.

शनिवारी मंडळीची बैठक भरली. दाखला पाळक देत नाही, मंडळी हात वर करून देते, आणि तिथे बायकांचेही हात मोजतात. सरकारी मतदानात बायकांना कोण विचारतो, त्या नादात साहेब हे विसरले होते. केझायाने उभं राहून दाखला मागितला. त्यांनी विषय पुढच्या महिन्यावर ढकलायला पाहिला, तशी मागच्या बाकावरची म्हातारी डॉर्कस म्हणाली, आधी हात तर मोजा. झाडून सगळ्या बायकांचे हात वर गेले. पुरुषांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं, मग तेही हात वर करू लागले.

साहेबांना तिथेच सही करावी लागली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. केझायाने ओळ न ओळ वाचूनच कागदाची घडी घातली.

सोमवारी गाडी जुंपली तर साहेब फाटकाशी हजर, टोपी हातात. केझाया बहिणीने दाखला घेऊन खुशाल पुढे जावं, असाहेल भावाने मत टाकून मागून यावं, असं त्यांनी सुचवलं.

केझाया गाडीतून म्हणाली, "बैल हाकायला हे लागतात, पाळकसाहेब. यांच्या जागी तुम्ही येता का? मुकी जनावरं हाकायची तुम्हाला वीस वर्षांची सवय आहे."

मी बैलांना टिचकारी दिली.

साहेब निवडून आल्याचं आम्हाला आयोवात कळलं, तोवर लोइसच्या पोरीला दोन दात आले होते.