चार दहाची बेल

सर्वेश, तू परवा सगळ्यांसमोर म्हणालास ना, "ही रोज तीन वाजले की पळते, हिचं मुलुंडला लफडं आहे", तर आज ऐकूनच घे. आहे लफडं. तू समजतोस तसलं नाही पण. आणि रुचिरा, तू मध्ये हसायचं नाही. वडापाव खा आधी, थंड होतोय. मी एका दमात सांगते, कारण मध्ये थांबले तर मला नाही सांगता येणार.

माझे आजोबा जानेवारीत गेले, ते तुम्हाला माहितीये. तुम्ही आलेलात पण भेटायला. तेव्हा दारात एक पोरगी उभी होती बघा, दोन वेण्या, पुढचा दात अर्धा आलेला? ती स्वरदा. शेजारच्या फ्लॅटमधली. नऊ वर्षांची. तिचे आईबाबा दोघं ऑफिसला, घरी फक्त तिची आजी, आणि आजीला कमी ऐकू येतं.

आजोबांना काचबिंदू होता. शेवटची दोन वर्षं पेपर दिसायचाच नाही. आधी मला त्यांच्या मालवणीत म्हणायचे, "वाच गो चेडवा." मी दोन हेडलाइन वाचायचे आणि तेवढ्यात फोन वाजायचा. मग तिसरी हेडलाइन कधी आलीच नाही. मग एक दिवस स्वरदा साखर मागायला आलेली, ती त्यांच्या खुर्चीजवळ बसली आणि सगळा पेपर वाचून गेली. त्या दिवसापासून ठरूनच गेलं. आजोबांच्या खोलीची भिंत आणि स्वरदाच्या अभ्यासाची भिंत एकच आहे. चार वाजून गेले की आजोबा काठीनं भिंतीवर दोनदा वाजवायचे. टक टक. पलीकडून ती धावत यायची, बेल मारायची, आम्ही कोणीतरी दार उघडायचो. रोज.

आणि काय वाचायची माहितीये? राजकारण नाही, क्रिकेट नाही. ते छोटे छोटे फोटो असतात ना, दुःखद निधनचे, ते. आजोबा म्हणायचे, "इलंस? बस. आज कोण कोण गेलो ता वाच." ती एक एक नाव वाचायची. आजोबा विचारायचे, "वय?" ती म्हणायची, "एक्क्याऐंशी." आजोबा म्हणायचे, "मगे ठीक आसा." पंचावन्न वगैरे असलं की "अरे अरे" म्हणायचे. आम्ही बाहेर हसायचो यार. म्हणजे पेपरात मेलेल्यांना मार्क देतायत!

वाचून झालं की ती त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची, मग त्यांची चप्पल पायांजवळ सरळ लावून ठेवायची. पगार काय, तर एक खारी. तिच्या गेल्या वाढदिवसाला आजोबा तिला म्हणाले, "पुढल्या वाढदिवसाक तुका कायतरी बॅटरीवाला घेवन देतलंय. तूच निवड." ती तेव्हापासून विचार करत होती. कधी म्हणे घड्याळ, कधी म्हणे गाणी म्हणायचा माइक.

आता तो दिवस.

आईबाबा कामावर. घरी मी आणि आजोबा. आपल्या फेस्टचा व्हिडिओ एडिट करायचा होता ना, तोच, ज्याच्यासाठी तुम्ही मला दर पाच मिनिटांनी मेसेज करत होतात. मी माझ्या खोलीत, दार बंद, आणि ते माझे नवीन इअरफोन. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करतात ते. मी किती भाव खाल्लेला त्यांच्यावरून, आठवतंय? कानात घातले की बाजूला रस्ता खणला तरी कळत नाही.

साडेपाचला आई आली, तिच्या किल्लीनं. आजोबा खुर्चीत होते. काठी खाली पडलेली. खालचे डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच गेले, त्रास झाला नाही. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस. मीपण तेच धरून बसले. रडत होते, पण आतून शांत होते, कळतंय ना? म्हणजे त्रास झाला नाही ना, मग ठीक.

मग मी जिन्यात चपला बाजूला करायला गेले. तिथे पायरीवर स्वरदा बसलेली. म्हणाली, "ऋताताई, आजोबांनी आज दोनदा नाही वाजवलं. खूप वेळा वाजवलं. माझं कार्टून सुरू झालं तेव्हापासून ते संपेपर्यंत. मी बेल मारली. दार पण वाजवलं. तू उघडलंच नाहीस."

 तिच्याकडे फोन नाही, आजीला सांगून काही उपयोग नाही. ती अर्धा तास आमच्या दाराबाहेर उभी होती. आणि मी आत, दहा पावलांवर, एका गाण्याचा बीट जुळवत होते.

आणि मी काय केलं माहितीये? तिला जवळ घेतलं नाही, काही नाही. मी म्हटलं, "कोणाला सांगू नकोस हं."

ती म्हणाली, "बरं."

दहाव्याला मीपण गेले होते. पिंड ठेवला, सगळे लांब उभे राहिलो. कावळा येईना. झाडावर सात-आठ बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. बाबा म्हणाले, गावचं घर विकणार नाही. काका म्हणाले, आम्ही दोघं भांडणार नाही. नाहीच. मग बाबांना आठवलं, ते हात जोडून म्हणाले, "स्वरदाला तुम्ही कबूल केलंय ते देऊ. ती निवडेल ते." आणि खरंच एक कावळा उतरला! काकी म्हणाली, आला, आला. तो उड्या मारत पिंडाच्या अगदी जवळ गेला, चोच खाली केली, आणि थांबला. मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं माझ्याकडेच. आणि उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. 

मग बाबा मला म्हणाले, "तुला त्या वस्तूंमधलं कळतं. रविवारी तूच घेऊन जा पोरीला. चांगलं घे, हात आखडू नकोस."

मी तिला मुलुंड वेस्टच्या त्या मोठ्या दुकानात नेलं. आणि खरं सांगते, मी आधीच ठरवलेलं, टॅब. सगळ्यात मोठा. कारण मला वाटलं, एवढी भारी वस्तू दिली की ती विसरेल. म्हणजे बक्षीस वगैरे बाहेरून. आतून मी तिचं तोंड बंद करायला गेलेले, नऊ वर्षांच्या पोरीचं.

काउंटरवर निलेश नावाचा एक मुलगा होता, तो तिला ताई ताई करून दाखवत होता. टॅब बघितला तिनं. खाली ठेवला. कॉल करता येतो ते घड्याळ बघितलं, मनगटाला लावलं, काढलं. माइकवाला स्पीकर लावून निलेश म्हणाला, "बोल ना काहीतरी." तिनं माइक परत त्याच्या हातात दिला. मी म्हणत होते, "स्वरदा, टॅब घे ना, टॅबवर चित्रं काढता येतात, टॅबवर पेपर पण वाचता येतो."

ती म्हणाली, "कोणाला वाचून दाखवू?"

निलेश माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे नाही बघितलं.

मग ती दुकानाच्या एकदम कोपऱ्यात गेली, जिथे वायर आणि बल्ब टांगलेले असतात, आणि एक पुडा घेऊन आली. वायरलेस बेल. एक बटण असतं, कुठेपण चिकटवायचं, आणि एक घंटा असते, ती दुसऱ्या खोलीत प्लगला लावायची. दुकानातली सगळ्यात फालतू वस्तू. तिनं विचारलं, "दादा, याचा आवाज किती मोठा?" निलेशनं वाजवून दाखवली. लोक वळून बघायला लागले. "हीच," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं वेडी आहेस का? ही काय बक्षिसाची वस्तू आहे? तुझ्या घरी बेल आहे की."

"माझ्या घरी नाही. बटण आजोबांच्या खुर्चीला लावायचं. घंटा तुझ्या खोलीत."

"अगं पण बक्षीस तुझं आहे ना?"

"मला ऐकू येतं," ती म्हणाली. "तुला येत नाही."

रागानं नाही हं. आपण सांगतो ना, अमक्याला चष्मा लागलाय, तसं.

तिनं स्वतः लावली. खुर्चीच्या हातावर बटण दाबून बसवलं, माझ्या टेबलाखाली घंटा. आईनं विचारलं, "हे काय घेतलंस गं?" ती म्हणाली, "आजोबा म्हणालेले तूच निवड." आईनं तिला एक खारी दिली.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी मी घरी एकटी. चार वाजून दहा मिनिटं. टिंग टाँग, टिंग टाँग, दोनदा.

मला वाटलं स्वरदा. आजोबांच्या खोलीत गेले. कोणी नाही. खुर्ची, काठी, घडी न मोडलेला पेपर. पेपर अजून येत होता, बंद करायला कोणाला सुचलं नव्हतं. बाहेरच्या दाराला आतून कडी होती रे. मी लावलेली.

दुसऱ्या दिवशी परत, चार दहाला. तिसऱ्या दिवशीपण. आमचा इलेक्ट्रिशियन आहे देवेश, तो येऊन बघून गेला, हसला, "ताई, फ्रिक्वेन्सी मॅच होते. बिल्डिंगमध्ये कोणाकडे सेम बेल असेल, तिकडे दाबली की इकडे वाजते." मी बरं वाटून सातही मजले फिरले. दारोदार. कोणाकडे तसली बेल नाही. मी बटणातला सेल काढला, किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. चार दहाला वाजली. मग मी घंटाच प्लगमधून उपटली आणि बेडवर टाकली.

दुसऱ्या दिवशी चार दहाला वाजली नाही. मी श्वास सोडला. आणि मग भिंतीतून आलं. टक टक. आजोबांच्या भिंतीतून. थांबलं. परत टक टक. थांबलं. मग टक टक टक टक, थांबेचना.

मी पळाले. दार उघडून शेजारी. स्वरदा तिच्या अभ्यासाच्या टेबलाशी नव्हतीच, हॉलमध्ये आजीच्या पायाशी बसून कागदी फुलं कापत होती. मी धापा टाकत म्हटलं, "तू वाजवतेस का? खरं सांग. मी ओरडणार नाही."

तिनं कात्री ठेवली. "नाही. आज पण ऐकू येतंय मला." मग म्हणाली, "तुला पण येतंय ना आता?"

मी मान डोलावली.

"मग दार उघड ना," ती म्हणाली. "मी बाहेर उभी आहे ना."

ती माझ्यासमोर बसली होती, रुचिरा. फ्रॉकवर कागदाचे तुकडे. पण मला कळलं ती कुठल्या दाराचं म्हणतेय.

मी तिचा हात धरला आणि आमच्या घरी आणलं. आजोबांच्या खुर्चीजवळच्या, तिच्या नेहमीच्या स्टुलावर बसवलं. आवाज थांबलेला. आई आली तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. मी आईला सगळं सांगितलं. इअरफोन, बेल, कार्टून, आणि "कोणाला सांगू नकोस" तेसुद्धा. ते सांगताना स्वरदाकडे बघता येईना.

आई ओरडली नाही. पर्स खांद्यालाच होती तिच्या. तिनं आजोबांची काठी उचलली आणि टोक माझ्यासमोर धरलं. टोकाला पिवळा रंग लागलेला. भिंतीचा.

"खाली पोपडे पडलेले त्या दिवशी," ती म्हणाली. "माणसं यायच्या आत मीच झाडून काढले. मला वाटलं, आज सांगशील. मग वाटलं, दहाव्याला सांगशील."

मग ती स्वरदासमोर खाली बसली आणि म्हणाली, "तुला किती दिवस गप्प बसवलं गं आम्ही." आणि तेव्हा ती पोरगी रडली. पहिल्यांदा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या आईच्या खांद्यावर, पर्सच्या पट्ट्यात तोंड घालून.

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती, मटार सोलत बसलेली. चार दहा. टिंग टाँग, टिंग टाँग. सेल ड्रॉवरमध्येच होता. घंटा प्लगला नव्हती. आईनं ऐकलं, मी बघितलं तिनं ऐकलेलं, तिचा हात मधेच थांबला. पण मान वर केली नाही.

"जा," म्हणाली. "तुलाच बोलावतायत."

म्हणून मी जाते. रोज. आधी बाहेरचं दार उघडते, स्वरदा उभी असते, तिला आत घेते. ती स्टुलावर, मी जमिनीवर. आता पेपर मी वाचते, ती ऐकते. पहिलं पान नाही, ते छोटे फोटो. नाव वाचते, गाव वाचते, आणि मग थोडं थांबते. वय लगेच नाही सांगत. कोणीतरी विचारेपर्यंत थांबावं लागतं.

हसू नकोस सर्वेश. नाही हसत आहेस? बरं.

परवा मी ते इअरफोन स्वरदाला द्यायला गेलेले. म्हटलं, हे पण घे, तुझ्या बक्षिसात. तिनं उलटसुलट करून बघितले आणि परत दिले. म्हणाली, "हे घालून उपयोग काय? भिंत ऐकू येणार नाही."

चल, माझी बॅग दे. तीन वाजून गेले. आज मला उशीर झाला तर स्वरदा दाराबाहेर उभी राहील.