आग्रहाचं जेवण

मादलोमोच्या हातचं जेवून कोणी अर्धपोटी उठलं, असं आमच्या सिखोबेनी गावात कधी झालं नाही. तिचा डावच मुळी मोठा. मयताच्या जेवणाला, लग्नाला, चर्चच्या वर्षसभेला वाढायला तिलाच उभं करतात, कारण ती समोर आली की नको म्हणायची सोय राहत नाही. मी तिची शेजारीण, मारादेबे. तिचं चूलघर नि माझं चूलघर यांच्यामध्ये कोरफडीचं कुंपण आहे, आणि त्यात येण्याजाण्याने पडलेली एक वाट आहे. तेव्हा त्या शुक्रवारचं मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

शाळांच्या क्रिकेटची शेवटची मॅच यंदा आमच्या मैदानावर होती. मैदान म्हणजे शाळेमागचा माळ. एरवी तिथे गुरं चरतात, मॅचच्या आदल्या दिवशी पोरं शेण उचलतात, आणि मधली पट्टी वारुळाची माती कुटून, पाणी मारून, डांबराचं रिकामं पिंप फिरवून केलेली. समोर लुफुथेनीची शाळा. ती पोरं डोंगरापलीकडून येतात, म्हणून आदल्या संध्याकाळी येऊन गावात मुक्काम करतात. एकेका घरी एकेक पाहुणा. घरच्या पोराने आपला पलंग पाहुण्याला द्यायचा नि स्वतः चटईवर झोपायचं, हे ठरलेलंच.

यंदा नुसत्या कपाचा प्रश्न नव्हता. शहरातल्या मोठ्या शाळेचे एक सर बघायला येणार होते. मॅचमधून एक पोरगा निवडायचा, त्याला वसतिगृह, कपडे, पुस्तकं, सगळं फुकट. एकच जागा. मादलोमोचा मुलगा लुखान्यो आमचा पहिला फलंदाज, आणि नवरा गेल्यापासून ती ह्या एका गोष्टीवर डोळे लावून बसलेली. आता गंमत बघा. शाळेच्या पटांगणात आमचे म्बुलावा सर पाहुणी पोरं घरोघर वाटून देत होते, आणि मादलोमोच्या वाट्याला आला अयाबोंगा. लुफुथेनीचा तेज गोलंदाज. आधीच्या मॅचमध्ये त्याने एका शाळेच्या सात जणांना घरी पाठवलं होतं.

पोरगा उंच, काटकुळा, हातात प्लास्टिकची पिशवी. चालताना बुटांचे तळवे फटफट वाजत होते. मादलोमोने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय खातोस रे तू, चेंडू एवढा जोरात जातो तो?"

"जे मिळेल ते, आई." आमच्याकडे कुठल्याही मोठ्या बाईला आईच म्हणतात, पण तो म्हणाला ते अगदी मनापासून.

मी तिला कुंपणाजवळ चिडवलं. म्हटलं, "बाई, तुझ्याच घरात वाघ बांधलाय. आता लुखान्योचं काही खरं नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "मारादेबे, भरल्या पोटाने धावता येतं का गं?"

"गाभण गाईसारखं येतं," मी म्हणाले, आणि मीच खो खो हसले. तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती. तिने कोंबडी धरली तेव्हासुद्धा.

एक नाही, दोन गावठी कोंबड्या कापल्या. मक्याच्या कण्या नि घेवडा दुपारपासून चुलीवर होता, त्यात तिने चरबीचा गोळा सोडला. वाफेवरचा पाव केला, भोपळा केला, आल्याचं सरबत पिंपभर. मी पाव कापायला गेले होते, तेव्हा पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

पोरगा आधी भुकेल्यासारखा जेवला. पहिलं ताट भरभर, दुसरं सावकाश. तिसऱ्यांदा तिने वाढलं तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला, वर बघितलं, आणि परत उचलला. त्याच्या आजीने त्याला सांगून ठेवलं असणार, सगळ्यांच्याच आज्या सांगतात, की परक्या घरी ताटात टाकायचं नाही, आणि वाढणाऱ्या बाईला पुरे म्हणायचं नाही. तो तेच पाळत होता. वरच्या ओठावर घाम आला होता. एका हाताने त्याने हळूच पँटचं बटण सोडलं, कोणी बघत नाही अशा बेताने. मादलोमो बघत होती. तिला दिसलं, हे मला दिसलं. तिने डाव परत पातेल्यात घातला.

तेव्हा मला हसू येईना.

"आई," लुखान्यो म्हणाला, "त्याला उद्या बॉलिंग करायचीय."

"मग ताकद नको? तू गप जेव."

लुखान्योने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मान खाली घालून जेवायला लागला. चौदा वर्षांचं पोर, पण बावळट नाही.

सकाळी पुन्हा तेच. मक्याचा घट्ट शिजवलेला लगदा मोकळा करून त्यावर आंबट दूध, मोठा वाडगा काठोकाठ. वर रात्रीची उरलेली कोंबडी. मी कुंपणाच्या वाटेत उभी राहून म्हणाले, "मादलोमो, बस झालं आता."

"पाहुणा आहे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. लुखान्योला मात्र तिने चहा नि पावाचा एक तुकडा दिला.

मॅच नऊला सुरू झाली. ऊन तेव्हाच चटके देत होतं. आमची बॅटिंग पहिली. लुखान्यो समोर उभा, आणि अयाबोंगा लांब माळाच्या कडेच्या कोरफडीपाशी जाऊन वळला. पहिला चेंडू टाकला तो ठीक होता. दुसऱ्याला पाय जड पडले. तिसऱ्याला तो निम्म्या वाटेत थांबला, पोटावर हात ठेवला, आणि सरळ चालत माळाच्या कुंपणाकडे गेला. वाकला. सगळ्या गावादेखत ओकला.

माणसं हसली. हसणारच. "मादलोमोच्या घरी उतरलाय पोरगा," कोणीतरी ओरडलं, "आता पुढल्या मॅचपर्यंत जेवायला नको त्याला." बाया तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. तोंड पुसून तो परत आला आणि पुन्हा बॉल घेतला, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. लुखान्योने त्याला चार चौकार मारले. लुफुथेनीच्या सरांनी त्याच्या हातातून बॉल काढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खादाड कुठला. शाळेचं नाव घालवायला आला होतास का जेवायला?" तो मान खाली घालून सीमेवर जाऊन उभा राहिला. कोणी पाणी दिलं तर तेही घेईना.

आमची पोरं जिंकली. लुखान्योच्या एकसष्ट धावा झाल्या तेव्हा बायांनी जिभा हलवून आरोळ्यांचा धडाका लावला. गावात मादलोमोसारखी आरोळी कोणाची नाही, डोंगरापलीकडे जाते. त्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. बाजूला बसलेली बाई म्हणाली, आनंदाने गळा दाटलाय.

शहरातल्या सरांनी झाडाखाली लुखान्योच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती उठली. माझं मनगट धरून मला ओढतच घेऊन गेली.

"सर, त्या दुसऱ्या पोराला पुन्हा एकदा बघा. लुफुथेनीच्या. मी त्याला खूप खायला घातलं."

सर हसले. मोठा, चांगला माणूस, कपाळ पुसत होता. "आई, तो काय गुन्हा झाला?"

"मुद्दाम घातलं. धावता येऊ नये म्हणून."

आता तर भोवतालचे सगळेच हसले. म्बुलावा सर म्हणाले, "सर, ह्यांच्या घरी मीपण जेवलोय. दोन दिवस मलाही फळ्यापर्यंत चालवत नव्हतं." शहरातले सर म्हणाले, "माझ्या बायकोला जरा हा गुन्हा शिकवा. अहो, तुमच्यासारखी मोठ्या मनाची माणसं राहिलीत कुठे आता? पोरगा तुमच्यावर गेलाय." आणि त्यांनी लुखान्योची पाठ थोपटली.

मादलोमोने माझ्याकडे बघितलं. मी साक्ष द्यावी म्हणून बघितलं. मला तोंड होतं, शब्द होते, रात्री डोळ्यांनी बघितलेलं पँटचं बटण होतं. पण लुखान्यो समोर उभा होता, आणि तो तान्हा असल्यापासून मी त्याला पाठीवर बांधून वागवलंय. मी चपलांकडे बघत राहिले. मग तीही बोलली नाही. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं त्यांनी. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. सर गाडीत बसून निघून गेले.

घरी येऊन ती शिदोरी बांधायला बसली. पाहुणा रिकाम्या हाताने निघत नाही, वाटेत खायला काही द्यावंच लागतं. कोंबडीची तंगडी, पावाचा मोठा तुकडा, दोन भाजलेली कणसं. फडक्याची गाठ तिला नीट मारता येईना, मी मारून दिली.

अयाबोंगा पिशवी न्यायला आला. खाली रस्त्यावर त्यांची उघडी गाडी उभी होती, पोरं चढत होती. तो आत आला नाही, उंबऱ्यापाशी थांबला.

"आई, माफ करा."

"मी माफ करू?"

"हो. सकाळचं सगळं बाहेर पडलं. तुम्ही एवढ्या मायेने केलेलं. कोंबड्या कापल्या. वाया घालवलं मी." त्याचे डोळे लाल होते, पण रडत नव्हता. "आमच्या आजीला कळलं तर ती मला घरात घेणार नाही."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. मादलोमो चुलीपाशी उभी राहिली, हातातली शिदोरी घट्ट धरून. मला वाटलं ती आता त्याला जवळ घेईल, काहीतरी गोड बोलेल, आणि पोरगा जाईल, आणि सगळं मिटेल. मिटावं असं मलाही वाटत होतं.

"ते मायेने केलेलं नव्हतं, बाळा," ती म्हणाली. "तुला आज पळता येऊ नये म्हणून मी वाढत होते. तुझं पोट भरलेलं मला दिसत होतं."

तो हसला नाही. एवढ्या माणसांत तो एकटाच हसला नाही. त्याने मागच्या खोलीकडे बघितलं, जिथे तो लुखान्योच्या पलंगावर झोपला होता.

"मी पुरे म्हणालो असतो तर," त्याने विचारलं, "थांबला असतात तुम्ही?"

तिने हो म्हणावं अशी मी मनात देवाची विनवणी केली.

"नाही," ती म्हणाली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने शिदोरी पुढे केली, दुसरं काय करावं हे तिला सुचलंच नसावं. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, मोठ्यांच्या हातून घ्यावी तशी, गुडघे जरा वाकवून. क्षणभर तशीच धरली. मग तसंच वाकून, दोन्ही हातांनीच, ती तिला परत दिली.

"पुरे, आई," तो म्हणाला.

आणि गेला. बुटांचे तळवे खालपर्यंत फटफट वाजत होते. गाडीत त्याला कोणी जागा करून दिली नाही, तो मागच्या फळीला धरून उभा राहिला. आम्ही दोघी दारातून बघत होतो. मादलोमो म्हणाली, "मारादेबे, तू का नाही गं बोललीस?" मी म्हणाले, "तू का नाही वाढायची थांबलीस?"

लुखान्यो कप गावभर मिरवून दिवस कलताना आला. भुकेने कळवळत होता, दिवसभर नाचण्यात काही खाल्लंच नव्हतं. स्टुलावर ती शिदोरी तशीच होती. त्याने गाठ सोडली, तंगडी उचलली आणि खायला लागला. मादलोमो त्याच्यासमोर जमिनीवर बसून बघत होती. पाव संपला, कणसं संपली. मग त्याने नेहमीसारखं ताट पुढे केलं.

"अजून वाढ ना, आई."

पातेल्यात कण्या होत्या. चूल अजून गरम होती. तिने डाव उचलला नाही.

"पुरे," ती म्हणाली.

वाढताना तिच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यानेही ऐकला नसणार. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पाहुण्याच्या शिदोरीच्या त्या रिकाम्या फडक्याकडे. ताट खाली ठेवलं, आणि आत जाऊन पलंगावर न झोपता कालच्या चटईवरच आडवा झाला.