डाव्या बाहीचा बिल्ला

माझी जोडी जमली तर माझे मालक महादेवरावांना वर्ध्याच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात, दुसरे संग्राहक बाबारावांचं नाक कापता येणार होतं. माझ्या वाट्याला काय? चौकटीतली अर्धी जागा! मित्रांनो, मी ब्रह्मदेशाच्या लढाईतला जुना बिल्ला आहे; लाल कापड, त्यावर पिवळ्या धाग्यानं भरलेला खंजीर.

शिपाई पुनाजीच्या डाव्या बाहीवर मी होतो, उजवीवर माझा जुळा. सलाम ठोकायचा तो उजव्या हातानं. म्हणजे मिरवायचा जुळा! माझा जळफळाट तेव्हापासूनचा. पुढे सदरा विरला. पुनाजीची लेक धुरपता हिनं उजवी बाही बिल्ल्यासकट गोधडीला ठिगळ लावली आणि उरलेला सदरा बोहारणीला दिला. मी एका वाटीच्या बदल्यात गेलो!

हातोहात फिरत मी महादेवरावांच्या संग्रहात आलो. काच, मखमल, मधली जागा. पाहुणे "वा!" म्हणत आणि मी फुगत असे. पण माझ्या पाठीवर काळ्या दोऱ्यात 'पुनाजी, गिरड' असं टाचलेलं होतं. महादेवरावांनी ते वाचलं, गिरडला जाऊन म्हातारी धुरपता शोधली आणि जुळा मागितला.

"आयतवारी येजो भाऊ, काढून ठेवतो," ती म्हणाली.

रविवारी रंग जुळवायला ते मला घेऊन गेले. धुरपतानं जुळा पुढे केला आणि महादेवरावांनी मला त्याच्याशेजारी धरलं. लाल रंग पिवळ्यात पार उतरला होता.

"काऊन धुतला, आजी? ह्याची किंमत जुन्या मळातच राह्यते!"

"मंग पावण्याच्या हाती मळकं देऊ का? सोड्यात उकळला चांगला. मळकं द्याची आमच्या घरी रीत नाई."

मी मनात टाळ्या पिटल्या. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

"हा त माह्या बाबाचा डावा हात! दे भाऊ, जरा हात लावू दे."

"नको, आजी. घामानं धागा सडते."

त्यांनी मला कागदात गुंडाळलं. घडी मिटता मिटता दिसलं, धुरपता जुळ्याला परत गोधडीवर टाचायला बसली होती. तिचा अंगठा त्याच्यावरून सावकाश फिरत होता.

पहिला नंबर बाबारावांना गेला. धुरपताचा मूठभर सोडा गेला. माझी मधली जागा शाबूत आहे. महिन्यातून एकदा फडकं फिरतं, तेही काचेवरून. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण ज्यांच्या घरातून त्या आल्या, त्यांना एकदा हातात तरी घेऊ द्या. त्या दिवशी टाळ्या मी पिटल्या होत्या. त्याची किंमतही मीच मोजतोय: जुळ्यावरून धुरपताचा अंगठा फिरतो, माझ्यावरून कुणाचाच नाही.